सरका, डोंगर झाकतोय

लग्न होऊन या गावात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात उभी होते. अंगावरची हळद अजून उतरलेली नव्हती, हातात हिरवा चुडा, डोक्यावर पदर. शेजारच्या उकिरड्यावर एक बाई उभ्या होत्या. अंगावर नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, आणि मंगळसूत्राच्या वर काळ्या पट्ट्याला लोंबणारा कॅमेरा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता नाव विचारतील, माहेर विचारतील. नवी नवरी दिसली की बायका दुसरं करतात काय? त्या म्हणाल्या, "सरक गं बाई जरा. डोंगर झाकलास."

मी सरकले. पुढं दहाएक वर्षं मी त्या गावात होते आणि सरकतच होते.

या शेवंताकाकू. त्यांच्या भिंतीला आमची भिंत आणि त्यांच्या गोठ्याला आमचा गोठा लागून. माझं माहेर औरंगाबादच्या गारखेड्याचं. तेव्हाचा गारखेडा काही आजच्यासारखा नव्हता, पण आमच्या घरी नळाला पाणी यायचं, तेवढ्यावर मी स्वतःला शहरातली समजायची. ते सगळं काकूंनी आठवड्याभरात उतरवलं. शेण कालवायला त्यांनीच शिकवलं, म्हशीच्या कोणत्या बाजूनं जायचं नाही ते शिकवलं, आणि गावात कोणाशी काय बोलायचं नाही तेही.

ज्याला त्या डोंगर म्हणायच्या ती गावामागची म्हसोबाची टेकडी. करमाडहून आमच्या रस्त्याला वळलं की समोर दिसते. शेळी एका दमात वर जाऊन खाली येते, एवढीच. वर एक शेंदूर लावलेला म्हसोबा, दोन बाभळी, पायथ्याला ओढा. तिला डोंगर म्हणणारं माणूस सगळ्या पंचक्रोशीत एकच. पण काकूंसमोर टेकडी म्हणायची सोय नव्हती. माझ्या सासूबाई एकदा चुकून म्हणाल्या, तर काकूंनी त्यांचं विरजणाचं भांडं परत केलं आणि संक्रांतीपर्यंत अबोला धरला.

कॅमेरा आला होता माझ्या लग्नाआधीच्या भाऊबीजेला. काकूंचे भाऊ वाळूजच्या कंपनीत होते, बजाजनगरात राहायचे. दरवर्षी ओवाळणीत साडी घालायचे. त्यांनी हौसेनं कॅमेरा घेतला होता, हौस महिन्यात फिटली, आणि बायकोनं सांगितलं, हे खेळणं घरातून काढा. त्यांनी ते बहिणीच्या ताटात टाकलं. काकूंच्या नणंदेनं, भामाबाईंनी, लगेच तोंड वाकडं केलं, "बाईमाणसाला कॅमेरा? पातळ घेतलं असतं तर अंगाला तरी लागलं असतं." काकू म्हणाल्या, "पातळ फाटतंय वन्सं. हे फाटतंय व्हय?"

पहिला रोल त्यांनी स्वतः भरला आणि स्वतःच घालवला. फोटो काढला की कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून बघायच्या, आला का म्हणून. रोल धुवायला गेला, सगळा पांढराफटक. स्टुडिओवाल्यानं कपाळाला हात लावला. काकू त्यालाच म्हणाल्या, "दही लागलं का ते झाकण काढून बघतेतच की. ह्याला एवढा राग यायचं काय कारण?" दुसऱ्या रोलला मात्र त्यांनी झाकणाला हात लावला नाही. वर दोरी बांधली, दोरीला गाठ मारली आणि गाठीवर थोडं शेण लिंपलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. काकूंना फोटो काढायचा होता डोंगराचा, आणि गावाला फोटोत उभं राहायचं होतं. आमच्याकडं कोणी कॅमेरा रोखला आणि तुम्ही समोर असूनही निघून गेलात, तर तो उद्धटपणा. लोक थांबतात. टोपी नीट करतात, हात मांडीला चिकटवतात, श्वास रोखतात. काकू पहाटे शेताकडं निघाल्या की बातमी त्यांच्या पुढं पोचायची. बायका पावडर लावून बांधावर उभ्या. एकीनं तर लग्नातला शालू नेसून खुरपं हातात धरलं होतं. काकू लांबून ओरडायच्या, "सरका, सरका, तुमच्यामागं डोंगर हाय!" आणि लोक समजायचे, डोंगर मागं हवा म्हणतायत, म्हणजे आपण बरोबर जागी आहोत.

पोळ्याला तर दंगल. बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. ज्याला त्याला आपल्या जोडीचा फोटो हवा. काकू म्हणायच्या, "बैल जरा खाली बसवा. शिंगं आभाळात शिरायलीत." पोळ्याच्या दिवशी बैलाला खाली बस म्हणायचं! एक म्हातारा काठी घेऊन धावला. शेवटी काढले त्यांनी सगळ्यांचे, पुरणपोळीचं ताट तसंच ठेवून काढले, आणि प्रती घरोघरी नेऊन दिल्या. प्रत्येक फोटोत बैल खालच्या कोपऱ्यात आणि वर आभाळच आभाळ. लोकांनी तरीही त्या चौकटीत बसवल्या. एका लग्नात त्यांना बोलावलं, तर मांडवाच्या मागं मावळतीचा सूर्य सापडला म्हणून त्या इतक्या हरखल्या, की नवरानवरीची तोंडं काळीठिक्कर आली. नवरीची आई रडायला लागली. काकूंनी समजूत घातली, "तोंडं काय, आयुष्यभर बघायचीच हायेत. सूर्य बघ की कसा आलाय."

सगळं गाव फोटोत शिरायचं, आणि ज्यानं यावं असं त्यांना वाटायचं तो माणूस पळायचा. भानूकाका, काकूंचे यजमान. शेलाट्या अंगाचे, कमी बोलणारे. वय विचारलं की म्हणायचे, "निजामावर पोलीस ॲक्शन झालं तवा मी पाळण्यात व्हतो," आणि पुढचा हिशेब तुमच्यावर सोडायचे. कॅमेरा दिसला की ते बैलाच्या आड, झाडाच्या आड, नाहीतर सरळ विहिरीत उतरायचे. काकूंच्या फोटोंच्या पिशवीत त्यांच्या धोतराचा सोगा होता, एक पाय होता, बैलाच्या पोटाखालून दिसणाऱ्या दोन चपला होत्या. तोंड कुठंच नव्हतं. लग्नातही त्यांचा फोटो निघाला नव्हता, कारण लग्नात कॅमेराच नव्हता.

"माझं थोबाड काय बघायचं?" ते म्हणायचे. "रोज बघतीसच की."

"उभं राहू नये ते उभं ऱ्हातेत," काकू माझ्याकडं बघून म्हणायच्या, "आन् उभं ऱ्हायचं ते पळतेत. सांग आता काय करू."

आणि भामा. भामा म्हणजे त्यांची म्हैस. ती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली, आणि काकूंनी तिला वाटीनं दूध पाजून वाढवलं. त्या दिवशी गावातच दिलेल्या नणंदबाई, भामाबाई, घरी आलेल्या होत्या. आल्या आल्या "वैनी, भूक लागली" म्हणाल्या, आणि गोठ्यातलं रेडकूही त्याच सुरात ओरडत होतं, म्हणून काकूंनी त्याचं नाव भामा ठेवलं. भामाबाईंनी ते कधी माफ केलं नाही. गल्लीतून "भामे, हल्या, हल्या, शेण तुडवू नगं" असं ऐकू आलं की त्या आपल्या ओट्यावरून उठून आत जायच्या.

ही म्हैस काकूंना आई समजायची. काकू दिसेनाशा झाल्या की हंबरायची आणि दावं तोडून त्यांच्या मागं यायची. काकूंनी डोंगराकडं कॅमेरा रोखला की म्हैस संथपणे येऊन बरोबर मधोमध उभी राहायची आणि वळून बघायची. शंभर फोटो काढले असतील काकूंनी, निम्म्यांत भामाचं तोंड. स्टुडिओवाल्यानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ही म्हैस विकायची आहे का? एवढे फोटो काढतात म्हणून विचारलं."

पंचनाम्याची गोष्ट सांगायलाच हवी. ओढ्यापलीकडं रशीदभाई राहायचे. शेळ्या पाळायचे, करमाडच्या बाजारात विकायचे. एका संध्याकाळी काकूंनी फार सुंदर फोटो काढला. डोंगरावर तांबूस ऊन, खाली कापसाची हिरवी पट्टी, माणूस नाही, म्हैस नाही. काकू तो घेऊन घरोघर फिरल्या. भामाबाईंनी हातात घेतला, डोळ्याजवळ नेला आणि किंचाळल्या. खालच्या कोपऱ्यात, त्यांच्याच कापसात, रशीदभाईंच्या शेळ्या खाली मुंडी घालून चरत होत्या. कितीतरी दिवस भामाबाई म्हणत होत्या की कापूस कोणीतरी खातंय, आणि रशीदभाई अल्लाची शपथ घेत होते की आमच्या शेळ्या तिकडं फिरकत नाहीत. आता पुरावा हातात.

रशीदभाईंनी फोटो पाहिला. मग म्हणाले, "भाबी, ये फोटू है की पंचनामा?"

"मी डोंगर काढला व्हता भाई," काकू म्हणाल्या. "शेळ्या आपल्याआप आल्या."

"आपल्याआपच येतेत त्या. कपाशीत बी तशाच गेल्या," रशीदभाई पडेल आवाजात म्हणाले. भामाबाईंकडं महिनाभर शेळीचं दूध पोचतं झालं आणि प्रकरण मिटलं. पण त्या दिवसापासून काकू कॅमेरा घेऊन निघाल्या की ओढ्यापलीकडून हाक यायची, "चलो रे, नीचे! भाबी निकली!" आणि शेळ्या धावत ओढ्याच्या खळग्यात उतरायच्या. शेळ्यांनाही सवय झाली. काही तर नुसत्या काकू दिसल्या तरी उतरायच्या.

एका भादव्यात मी आणि काकू औरंगाबादला मोंढ्यात बियाण्याच्या दुकानात गेलो. गल्ल्यामागं भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं. बर्फाचा डोंगर, निळं तळं, काठाला लाल छपराचं घर. आमच्या स्वयंपाकघरात तेच होतं, काकूंच्या ओसरीत तेच, करमाडच्या सलूनमध्येही तेच. काकूंनी आजवर ते हजारदा पाहिलं असेल. पण आता त्यांची नजर फोटोवाल्याची झाली होती.

"शेठजी, हा डोंगर कुठला?"

"परदेशातला आहे मावशी. स्वित्झर्लंड."

"तिथं तुमचं बी जातं व्हय?"

शेठजी हसायला लागले. "नाही हो. आपलं बी इथंच, करमाड, लाडसावंगी."

"मग डोंगर तिथला कशाला? आमच्याकडं काय डोंगर नाय?"

दुकानात चार शेतकरी बसलेले होते, तेही हसले. शेठजी चांगले होते. त्यांनी समजावून सांगितलं, "मावशी, लोकांना भिंतीवर असं साफसूफ लागतं. ना माणूस, ना जनावर, ना उकिरडा. आपल्या गावचे फोटो येतात, त्यात कोणीतरी उभंच असतं. तुम्ही असा मोकळा फोटो आणा, मी छापतो. दिवाळीच्या आत आणा, नंतर छापखाना ऐकत नाही."

येताना एसटीत शेंद्र्याच्या पुढं आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "सकाळचं ऊन पाहिजे."

सकाळचं ऊन डोंगरावर पडायचं नेमकं गुरं सुटायच्या वेळेला. त्याच वेळी सगळ्या गावाची जनावरं त्याच वाटेनं रानात जायची, त्यांच्यामागं माणसं, माणसांमागं कुत्री. काकूंनी दोन रोल संपवत आणले. एका फोटोत बैलगाडी, एकात कुणाचं तरी शेंबडं पोर हात हलवतंय, एकात आमचे सासरे तांब्या घेऊन. बाकी सगळीकडं भामा. दसरा आला.

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला बायका मारुतीच्या पारावर जमल्या होत्या. भामाबाईंनी काकूंच्या हातात सोनं ठेवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय वैनी, आला का तुमचा डोंगर कॅलिंडरवर? का म्हसच येणार माझ्या नावाची?"

बायका फिदीफिदी हसल्या. काकूंचा चेहरा लाल झाला. त्यांना राग आला की त्या हळू बोलायच्या. "म्हसोबाची आण घिऊन सांगते," त्या म्हणाल्या, "येत्या सालच्या कॅलिंडरवर डोंगर छापून आला नाय, तर कॅमेरा भावाला परत. पुन्यांदा हातात धरणार नाय."

हसणं थांबलं. म्हसोबाची शपथ आमच्या गावात कोणी उगाच घेत नाही. त्या संध्याकाळी मी काकूंकडं गेले तेव्हा त्या कॅमेरा पदरानं पुसत बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. त्या कॅमेऱ्यामुळं काकू दिवसभर धावत असायच्या, हसत असायच्या, भांडत असायच्या. तो गेला तर या बाईनं फक्त शेण आणि भाकरी एवढंच करत बसायचं, हे मला बघवलं नसतं. रोलमध्ये शेवटचे चारदोन फोटो उरले होते आणि नव्या रोलचं नाव काढायची ती वेळ नव्हती.

"एक काम करते," काकू म्हणाल्या. "आवतण देते."

दुसऱ्या दिवशी त्या घरोघर गेल्या. हातात कुंकवाचा करंडा आणि अक्षता. लग्नाला बोलवावं तसं प्रत्येक उंबऱ्यावर थांबून, बाईला कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून सांगितलं, "उद्या सकाळी ऊन वर येईस्तवर म्हसोबाच्या अंगाला कुणी येऊ नका. गुरं जरा उशिरानं सोडा. एवढं करा माझ्यासाठी." रशीदभाईंच्या दारातही गेल्या. रशीदभाईंनी अक्षता टोपीत ठेवल्या आणि म्हणाले, "फिकर नक्को करू भाबी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जमलं.

आता आमच्या गावाची रीत अशी, की दारात अक्षता आल्या म्हणजे जायचंच. कशासाठी आल्या हा प्रश्न नंतरचा. न येण्याचं आवतण आजवर कोणाला मिळालंच नव्हतं, त्यामुळं ते कसं पाळायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं आणि अख्खं गाव म्हसोबाच्या पायथ्याला हजर! बायका ठेवणीतली पातळं नेसून, पुरुष धुतलेल्या टोप्या घालून. घरी कोणी उरलं नाही म्हणून गुरंही बरोबर. माझ्या सासूबाईंनी तर नारळ आणला होता.

काकू बैलगाडीवर कॅमेरा घेऊन उभ्या होत्या. भानूकाकांनी गाडी आदल्या दिवशीच तिथं लावून ठेवली होती. काकूंनी ती गर्दी पाहिली आणि त्यांच्या हातातून कॅमेरा सुटायचाच बाकी राहिला. "अरं, येऊ नका म्हणलं व्हतं ना मी!"

"आवतण दिलं की तुम्ही," एकजण म्हणाला. "बिगर आल्याचं कसं चालंल?"

"कुणी आलं नाय ते बघायला आलो," सासूबाई म्हणाल्या, आणि हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. माथ्यावरच्या बाभळींना ऊन लागलं होतं. ते खाली उतरायला लागलं की घटकाभरात सगळं संपायचं, आणि एवढं माणूस आणि जनावर गावात परत हाकलायला तेवढा वेळ पुरणार नव्हता. तेव्हा रशीदभाई पुढं झाले. आपली टोपी काढून त्यांनी हवेत फिरवली आणि शेळ्यांना मारायचे तीच हाक मारली, "चलो रे, नीचे! सब नीचे!"

शेळ्या सरावलेल्या, त्या आधी ओढ्यात उतरल्या. त्यांच्यामागं रशीदभाई, त्यांच्यामागं गाव. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो लपला. बैल ओढ्याच्या खळग्यात, पोरं विहिरीजवळच्या दगडी थारोळ्यामागं, बायका कापसात उकिडव्या. आम्ही घरची माणसं बाजरीच्या पेंढ्यांच्या आड एकमेकांच्या अंगावर पडलेलो, नारळ माझ्या बरगडीत. भामाबाई नवं पातळ मातीत घालायला तयार होईनात. काकू गाडीवरून ओरडल्या, "वन्सं, तुम्ही एकट्याच येताय फोटोत!" तशा त्या बांधामागं आडव्याच पडल्या.

उरली भामा. ती गाडीकडं निघाली होती, नेहमीसारखी मधोमध. भानूकाका धावले, दावं धरलं, तिला तुरीच्या ओळीमागं नेलं, खाली बसवलं आणि तिच्या मानेवर हात टाकून स्वतःही बसले. ती हंबरायला लागली तशी कमरेची भाकरी काढून तिच्या तोंडात कोंबली आणि वरून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तूर पुरुषभर वाढलेली होती. माणूस आणि म्हैस दोघंही दिसेनासे झाले.

मग शांतता झाली. तशी शांतता मी गावात कधीच अनुभवली नव्हती. कुठून तरी दाबलेलं हसू यायचं, कोणीतरी चापट मारायचं, पुन्हा शांत. मुंग्या चढत होत्या. कोणीतरी कापसातून हळूच विचारलं, "काकू, झालं का?"

"पायथ्याला ऊन पोचू द्या."

पोचलं. खट्ट आवाज आला. पुन्हा एकदा आला. मग काकू नुसत्याच उभ्या राहिल्या, कॅमेरा खाली घेऊन, समोर बघत. आम्ही वाट बघतोय आणि त्या बोलतच नाहीत. शेवटी भाकरी संपली असावी, कारण तुरीमागून भामा जिवाच्या आकांतानं हंबरली, आणि काकू दचकून म्हणाल्या, "उठा, उठा की गं! झालं."

सगळं रान उठलं. प्रत्येक झुडपातून माणूस निघत होता आणि दुसऱ्याला बघून हसत होता. सासूबाईंनी तिथंच नारळ फोडला.

पेंढ्यांतून काड्या झाडत मी गाडीजवळ गेले तेव्हा काकू मला हळूच म्हणाल्या, "असं मोकळं कधी बघितलं नव्हतं गं. सगळेच सोडून गेल्यावानी वाटलं. भ्या वाटलं मला. म्हस वरडली तवा जिवात जीव आला."

फोटो झकास आला. शेठजींनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला आणि विचारलं, "हे खरंच तुमच्याकडचं आहे?" काकू म्हणाल्या, "नाय, स्विझरलँडहून आणला," आणि दुकानातले शेतकरी पोट धरून हसले.

नव्या वर्षाच्या तोंडावर एसटीच्या टपावरून कॅलेंडरांची वळकटी आली. पारावर काकूंनी ती उलगडली. वर दुकानाचं नाव, खाली तारखांची चोपडी, आणि मधे म्हसोबाचा डोंगर, पिवळं ऊन, कापूस, तूर, ओढ्याची रेघ. एकही माणूस नाही. काकूंनी डोळे मिटून डोंगराकडं हात जोडले.

आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. रशीदभाईंनी ओढ्याच्या रेघेवर बोट ठेवलं. "इधर मैं है. शेळ्यासहित." दुसऱ्यानं कापसावर बोट ठेवलं, "ह्या बोंडामागं मी." "आन् मी थारोळ्याच्या मागं, हे बघ." लहान पोरांना उचलून धरून आयाबाया दाखवत होत्या, हा बघ तुझा बाप, ही बघ आजी. त्या फोटोत दिसत कोणीच नव्हतं आणि कोणाचीच काही तक्रार नव्हती. पुढं वर्षभर कोणाकडं पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला भिंतीजवळ नेऊन आपापली जागा दाखवायचे. पाहुणे बिचारे मान हलवायचे.

तेवढ्यात भामाबाई ओरडल्या. तुरीच्या शेंड्यांच्या वर काळं, वाकडं, नखाएवढं काहीतरी होतं. शेठजींना तो दगड वाटला असेल. "शिंग हाय! भामाचं शिंग!" भामाबाई आनंदानं नाचायच्याच बाकी राहिल्या. "माझ्या नावाची म्हस आली कॅलिंडरवर!" त्या दिवशी संध्याकाळी त्या स्वतः पेंड घेऊन गोठ्यात आल्या, आणि म्हशीला नाव घेऊन हाक मारणाऱ्यांत त्यांचा आवाज सगळ्यात मोठा झाला. भानूकाका मात्र कोपऱ्यात उभे होते. कोणी विचारलं, "तुम्ही कुठं हाय, काका?" तर लाजून म्हणाले, "शिंगाच्या खाली."

पुढं माझ्या यजमानांना शहरात नोकरी लागली आणि आम्ही परत गारखेड्याला आलो. गावाला जाणं कमी झालं. भामा म्हातारी होऊन काकूंच्या दारातच गेली. काकूंचा कॅमेराही बंद पडला. रोल मिळेनासे झाले, आणि त्यांच्या मुलानं दिलेल्या मोबाइलमध्ये, त्या म्हणायच्या, सगळंच लगेच दिसतंय, त्यात काय मजा? भानूकाका गेले तेव्हा मी लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडं होते. दोनेक महिन्यांनी भेटायला गेले.

काकूंनी मला चहा केला. भाकरी खाऊन जा म्हणाल्या. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. काकांचं आजारपण, दवाखाना, सगळं सांगितलं, मधेच मुलाच्या ट्रॅक्टरवर घसरल्या, मधेच हसल्या. मी ओसरीवर बसून ऐकत होते आणि माझी नजर भिंतीवर गेली. तारखांची चोपडी फाडून टाकलेलं ते कॅलेंडर काचेच्या चौकटीत बसवलं होतं. चौकटीला झेंडूचा ताजा हार, खाली उदबत्तीचं घर.

"काकू," मी म्हणाले, "हार डोंगराला घातलात?"

"डोंगराला कशाला? डोंगराला काय झालंय?" काकू म्हणाल्या. "ह्यांना घातलाय. दुसरा फोटो हाय कुठं? आधारवरचा हाय, पर त्यात डोळे मिटलेत आन् चोरावानी दिसतेत. ह्यात कसे झ्याक बसलेत."

उठून त्या भिंतीजवळ गेल्या. पदराचं टोक तोंडाशी नेलं, त्यावर वाफ सोडली आणि काच पुसली. सगळी नाही, तुरीच्या ओळीजवळची, शिंगाच्या खालची तेवढी.